घरगल्ली आणि टीबी: वस्तीचा आरोग्याशी संबंध नेमका कुठे जुळतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचे कुटुंब रेल्वे रुळांलगतच्या झोपडपट्टीतून मानखुर्दच्या एका पुनर्वसन वसाहतीत आले, दुसऱ्या मजल्यावर २२५ चौरस फुटांचे पक्के घर मिळाले, घरातच संडास आणि नळ आला. झोपडीत असताना कोणाला मोठा आजार झाला नव्हता. इथे मात्र चार वर्षांत आधी आईला आणि मग धाकट्या भावाला टीबी झाला. शेजारी म्हणतात की तुम्ही घर नीट ठेवत नाही, आणि नात्यातली मंडळी म्हणतात की नव्या जागेचे हवापाणी मानवले नाही. हे खरोखर वस्तीमुळे घडते का, की आपल्याच सवयींमुळे, आणि भाड्याने दुसरीकडे जायचे ठरवले तर घर बघताना काय तपासावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी सामुदायिक वैद्यक या विषयातली डॉक्टर असून गेली बावीस वर्षे मुंबईच्या पूर्व उपनगरांतील वस्त्यांमध्ये क्षयरोग, लसीकरण आणि पाण्यातून होणारे आजार यांवर काम करीत आहे. माझ्या मते तुमच्या नातेवाइकांचे उत्तर सत्याच्या सर्वांत जवळ जाणारे आहे, फक्त ते शब्दशः घ्यायला हवे. हवा म्हणजे खोलीतली हवा तासाभरात किती वेळा बदलते ते, आणि पाणी म्हणजे नळाला ते किती वाजता आणि किती वेळ येते ते. शेजाऱ्यांचे उत्तर मात्र मी बाजूला ठेवेन, कारण टीबीचा जंतू फरशी किती वेळा पुसली हे पाहून घरात शिरत नाही.

वस्ती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उघडे गटार, कचऱ्याचा ढीग आणि माश्या येतात, आणि ते सारे आरोग्याला घातक आहेच. परंतु इतकी वर्षे घरोघर फिरल्यानंतर माझे लक्ष अशा जागांकडे अधिक जाते ज्यांचा मालक कोणीच नसतो. घराच्या आतले घरच्यांचे असते, रस्ता पालिकेचा असतो; दोन इमारतींमधली घरगल्ली, जिला बोलताना आपण हाउसगल्ली म्हणतो, ती, संडासांचे पाइप उतरतात तो डक्ट, जिन्यावरचा अंधारा कोपरा आणि गच्चीवरची टाकी यांची जबाबदारी कोणी घेत नाही. तुमच्या आईच्या आजाराचे मूळ शोधायचे तर मी तुमच्या घरात शिरण्याआधी खिडकीबाहेरची ती गल्ली बघेन.

मुंबईला ही गोष्ट नव्याने कळलेली नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे रुग्ण प्रथम ओळखले ते डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्यातील हडफड्याचे. धोबी तलावाजवळ मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आजही उभा आहे. त्या साथीत लाखो माणसे शहर सोडून गेली, आणि १८९८ मध्ये सरकारने शहराची रचना सुधारण्यासाठी बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाटीवाटीच्या वस्त्या चिरून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढणे, तसेच दादर, माटुंगा, वडाळा या भागांत रुंद रस्ते आणि मोकळी मैदाने सोडून नव्या वसाहती आखणे ही त्याची कामे होती. ज्या ट्रस्टच्या आखणीतून दादर-माटुंग्याची झाडांनी झाकलेली वाटोळी वळणे आणि शिवाजी पार्क आले, तो ट्रस्ट मुळात एका साथीच्या भीतीतून जन्मला होता.

या ट्रस्टने आपल्या योजनांमध्ये साडेत्रेसष्ट अंशांचा नियम वापरला. तळमजल्याच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढली तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा कोन करता कामा नये, असा तो नियम. भूमितीच्या भाषेत याचा अर्थ अगदी सरळ आहे: समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्मे तरी अंतर दोहोंच्या मध्ये असले पाहिजे. तेवढे अंतर असले की सर्वांत खालच्या खोलीलाही आकाशाचा तुकडा दिसतो आणि दिवसातून काही काळ प्रकाश पोहोचतो.

यात एक गंमत आहे. हा नियम आणणाऱ्यांचा समज असा होता की प्लेग कोंदट, दूषित हवेतून पसरतो. प्लेग प्रत्यक्षात उंदरांच्या अंगावरील पिसवांमधून माणसाला होतो, आणि पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत १८९८ मध्ये, म्हणजे ट्रस्ट स्थापन झाला त्याच वर्षी, हे प्रयोगाने दाखवले. म्हणजे नियम ज्या रोगासाठी केला त्या रोगाला खोलीतल्या हवेशी फारसे देणेघेणे नव्हते. ज्या रोगाला होते, त्या क्षयरोगासाठी मात्र तो नियम अगदी अचूक निघाला. अर्थात ट्रस्टच्या कामाचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता येत नाही. पाडलेल्या घरांतील गरिबांना पुरेशी घरे मिळाली नाहीत, ते शेजारच्याच गल्ल्यांत अधिक दाटीने राहू लागले, आणि मोकळ्या हवेचा लाभ मुख्यतः मध्यमवर्गाच्या वाट्याला आला.

आता तुमच्या वसाहतीकडे येऊ. मुंबईच्या रेल्वे आणि रस्ते प्रकल्पांसाठी २००० नंतर रुळांलगतची हजारो कुटुंबे हलवण्यात आली आणि त्यांतील मोठा वाटा पालिकेच्या एम-पूर्व विभागात, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, देवनार या पट्ट्यात आणून वसवला गेला. कमी जमिनीवर अधिक घरे बसावीत म्हणून पुनर्वसन योजनांना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलती मिळाल्या, आणि त्यामुळे अनेक ठिकाणी दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर राहिले. तळमजला आणि वर सात मजले धरले तर अशी इमारत सुमारे २४ मीटर उंच भरते. जुन्या नियमाप्रमाणे मध्ये १२ मीटर जागा लागली असती. तीन मीटरच्या अंतरात त्या नियमाचे पालन फक्त अशाच घरांत होते ज्यांच्यासमोर जास्तीत जास्त सहा मीटर भिंत वर उरते, म्हणजे सर्वांत वरचे दोन मजले. दुसऱ्या मजल्यावरच्या तुमच्या घरातून आकाश बघायचे असेल तर खिडकीत उभे राहून मान जवळपास ८० अंश वर करावी लागते. साध्या शब्दांत, खिडकीतून डोके बाहेर काढल्याशिवाय आकाश दिसत नाही.

हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई येथील संशोधकांनी लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी वसाहत अशा तीन पुनर्वसन वसाहतींची घरोघर पाहणी केली आणि तिचा अहवाल २०१८ मध्ये समोर आला. पहिल्या दोन वसाहतींत साधारण दहा घरांमागे एका घरात टीबीचा रुग्ण आढळला होता. इमारतींमध्ये अधिक मोकळी जागा असलेल्या पीएमजी वसाहतीत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास होते. खिडकीतून दिसणारे आकाश, घरात पोहोचणारा सूर्यप्रकाश आणि खेळती हवा या तीन गोष्टींचा त्यांनी मोजमाप करून अभ्यास केला आणि टीबीच्या प्रमाणाशी त्यांचा संबंध आढळला. तिन्ही ठिकाणचे लोक गरीब, तिन्ही ठिकाणी पक्की घरे, तिन्ही एकाच विभागात. फरक प्रामुख्याने मांडणीचा होता.

हे कसे घडते ते समजून घेतले की पुढचे निर्णय सोपे होतात. फुप्फुसाचा टीबी असलेला आणि उपचार सुरू न झालेला माणूस खोकतो, बोलतो, गातो तेव्हा अतिसूक्ष्म थेंब बाहेर पडतात. त्यांतले पाणी सुकते आणि उरलेला कण इतका हलका असतो की तो जमिनीवर न पडता काही तास हवेत तरंगत राहतो. म्हणून टीबी एका ताटात जेवल्याने किंवा कपड्यांना हात लावल्याने होत नाही; तो एकच हवा दीर्घकाळ वाटून घेतल्याने होतो. खोलीतली हवा बाहेर जाऊन नवी हवा येत राहिली तर कणांची संख्या झपाट्याने घटते, आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण उरलेल्या जंतूंना मारतात. जिथे हवा बदलत नाही आणि ऊन पोहोचत नाही तिथे सकाळी खोकलेल्या माणसाचे कण दुपारी शाळेतून आलेल्या मुलाच्या श्वासात जातात.

झोपडीत पत्र्याच्या फटी होत्या, दार दिवसभर उघडे असे, आणि बाया-पोरे अर्धा दिवस दारापुढच्या ओट्यावर बसत. ती घरे आरोग्यदायी होती असे मी अजिबात म्हणणार नाही. पावसाळ्यात त्यांच्यात काय होते ते मी पाहिले आहे. पण हवेच्या बाबतीत ती गळकी होती, आणि टीबीच्या दृष्टीने गळके असणे हा गुण ठरतो. पक्क्या घरात आल्यावर दार बंद राहू लागते, कारण समोर बोळासारखा अंधारा मार्ग असतो आणि अनोळखी माणसे येत-जात असतात. उरते ती खिडकी. तीन मीटरवर समोरच्या घराची खिडकी असते, म्हणून आडोशासाठी पडदा लागतो. त्यात वरच्या मजल्यांवरून घरगल्लीत कचरा पडत राहतो, कारण लिफ्ट बंद असते आणि डबा घेऊन सात मजले उतरणे म्हाताऱ्या माणसाला जमत नाही. डक्टमधला फुटलेला पाइप त्या कचऱ्यावर गळतो, डास होतात, उंदीर होतात, वास येतो, आणि खालच्या चार मजल्यांवरची कुटुंबे एकामागून एक खिडक्या कायमच्या लावून घेतात. काही जण तर खिडकीला प्लायवूड ठोकून तिथे कपाट करतात, आणि २२५ चौरस फुटांत सहा माणसे राहत असताना त्यांना दोष देणे मला जमलेले नाही. भर दुपारी ट्यूबलाइट लावून भाजी निवडणारी बाई ज्या घरात दिसते, त्या घरात खोकल्याबद्दल विचारायला मी विसरत नाही. सवयी म्हणून ज्यांचा उल्लेख तुमचे शेजारी करतात, त्यांतल्या बहुतेक अशा रीतीने मांडणीतून जन्मलेल्या असतात.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. गरीब आणि आधीच दुबळी माणसे वाईट वस्तीत येतात, त्यामुळे तिथे आजार अधिक दिसतो. यात वस्तीचा दोष किती आणि गरिबीचा किती, हे कसे ठरवायचे? तीन वसाहतींची तुलना या प्रश्नाचा पूर्ण निकाल लावू शकत नाही, हे मान्य करायला हवे. अमेरिकेत याचे उत्तर शोधण्यासाठी १९९४ ते १९९८ या काळात बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत सरकारी गृहप्रकल्पांतील सुमारे साडेचार हजार कुटुंबांवर एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून काही कुटुंबांना कमी गरिबीच्या भागात घर घेण्यासाठी भाड्याची मदत दिली गेली, काहींना नाही. दहा ते पंधरा वर्षांनी तपासले तेव्हा ज्या स्त्रियांना अशा भागात जाण्याची संधी मिळाली होती त्यांच्यात तीव्र स्थूलता आणि मधुमेह यांचे प्रमाण काही अंशी कमी आढळले. निवड चिठ्ठीने झालेली असल्यामुळे हा फरक वस्तीचाच मानावा लागतो. तो मोठा नव्हता, पण कोणतेही औषध न देता आला होता.

दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच भक्कम आहे. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेशन्स नावाच्या चाचणीत टीबी रुग्णांच्या घरच्यांना धान्य, डाळ असा पोषक शिधा दिला गेला, आणि त्या घरांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, तर फुप्फुसाच्या संसर्गजन्य टीबीचे ४८ टक्क्यांनी घटले. घरगल्ली तीच, खिडकी तीच. फक्त ताट भरले. म्हणून मी रुग्णांना असे सांगते की जंतू छातीत शिरतो की नाही हे बरेचसे हवेवर ठरते, आणि शिरलेला जंतू डोके वर काढतो की नाही हे बरेचसे जेवणावर. मानखुर्दला आल्यापासून कामावर जाण्यायेण्यात तुमच्या वडिलांचे किती पैसे आणि किती तास जातात, आईने घरकामाची जुनी कामे अंतरामुळे सोडली का, हे प्रश्न मी टीबीच्या तपासणीत याचसाठी विचारते. वस्ती बदलल्याने रोजगार दुरावला तर त्याचा परिणाम सहा महिन्यांनी वजनकाट्यावर दिसतो.

इथे एका आकड्याबद्दल सावध करावेसे वाटते. गोवंडीत माणूस सरासरी ३९ वर्षेच जगतो, असे वाक्य वर्तमानपत्रांतून अनेकदा छापून आले आहे. तो आकडा मृत्यूच्या वेळच्या सरासरी वयाचा आहे, आयुर्मानाचा नाही. जिथे लोकसंख्येत मुले आणि तरुण खूप असतात आणि म्हातारपणी पुष्कळ जण गावी परततात, तिथे होणारे मृत्यू आपोआपच कमी वयाचे असतात. एम-पूर्व विभागाची परिस्थिती गंभीर आहे हे सांगायला त्या आकड्याची गरज नाही, आणि चुकीच्या आकड्याने त्या भागातल्या मुलामुलींना नोकरी देताना, लग्न जमवताना लोक नाक मुरडतात, हे मी पाहिले आहे.

हवेनंतर पाणी आणि संडास. जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि नीती आयोग यांनी आर-उत्तर, एम-पश्चिम आणि एफ-उत्तर या तीन विभागांत करोनाच्या प्रतिपिंडांची तपासणी केली, तेव्हा झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के आणि इतर भागांत सुमारे १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. एकाच विभागात, एका रस्त्याच्या दोन बाजूंना, इतका फरक. दाटी हे कारण आहेच, आणि सामाईक संडास हे दुसरे. शंभर माणसांनी एका बंदिस्त जागेत पाठोपाठ जायचे असेल तर अंतर राखा या सूचनेला अर्थ उरत नाही. सामाईक संडासाचा आणखी एक परिणाम आकडेवारीत क्वचित येतो. रात्री अंधारात रांगेत उभे राहायला नको म्हणून बायका संध्याकाळी चारनंतर पाणी पिणेच सोडतात; मूत्रमार्गाचा वारंवार होणारा संसर्ग, मूतखडा आणि बद्धकोष्ठ यांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या स्त्रियांना मी प्रथम संडास किती लांब आहे ते विचारते. तुमच्या नव्या घराने तुमच्या आईची यातून सुटका केली, हा लाभ लहान नाही आणि हिशेबात तो धरलाच पाहिजे.

नळाचे पाणी दिवसातून तासभर येत असेल तर घरोघर पिंप भरून ठेवावे लागते, आणि उघड्या पिंपाच्या स्वच्छ पाण्यात डेंगीचा डास अंडी घालतो. पिंपावर झाकण ठेवा असे आम्ही सांगत राहतो, पण चोवीस तास पाणी येणाऱ्या सोसायटीत हे सांगावेच लागत नाही. पूर्व किनाऱ्यावरच्या कौला बंदरसारख्या वस्त्यांत कित्येक वर्षे पालिकेच्या दराच्या अनेक पटींनी पैसे मोजून खासगी विक्रेत्यांकडून पाणी घ्यावे लागले, कारण वस्ती अधिकृत नसल्याने जोडणी मिळत नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये, पाणी हक्क समितीच्या याचिकेवर, वस्ती बेकायदा असली तरी पाणी नाकारता येणार नाही असा निर्णय दिला, आणि पालिकेने सर्वांसाठी पाणी हे धोरण मे २०२२ मध्ये आणले. निर्णय आणि धोरण यांत साडेसात वर्षे गेली. त्या काळात जन्मलेली मुले आता शाळेत जातात.

बाहेरच्या हवेबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती तुमच्या हातात सर्वांत कमी आहे. देवनारची कचराभूमी १९२७ पासून वापरात आहे आणि जानेवारी २०१६ मध्ये तिला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता. तेव्हापासून दम्याच्या रुग्णांना मी वाऱ्याची दिशा विचारायला शिकले. चेंबूरजवळच्या माहुलचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथे प्रकल्पग्रस्तांना तुमच्यासारखीच पक्की घरे मिळाली, पण तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये तिथल्या हवेमुळे आरोग्याला धोका असल्याचे नोंदवले होते, आणि एप्रिल २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तिथे जाण्यास नकार देणाऱ्या कुटुंबांना दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. सातबारा नसलेल्या माणसाला घर देताना ते कुठे देतो यानेच त्या घराचे आरोग्यमूल्य ठरते, हे त्या प्रकरणात न्यायालयाच्या कागदावर आले.

उष्णतेचेही असेच. पत्र्याखालची खोली मे महिन्यात रात्री दोन वाजेपर्यंत निवत नाही, माणूस झोपत नाही, आणि अपुऱ्या झोपेचा रक्तदाबावर काय परिणाम होतो तो औषधाच्या गोळ्या वाढवून पुसता येत नाही. स्थलांतराचा एक लपलेला परिणाम म्हणजे लसीकरण सुटणे. लसीचे कार्ड जुन्या पत्त्यावरच्या केंद्राचे, नव्या भागातल्या आरोग्यसेविकेच्या यादीत मुलाचे नाव नाही, आणि कुटुंब घर लावण्यात गुंतलेले. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोवंडीत गोवराची साथ आली आणि मुले दगावली, तेव्हा लस चुकलेली मुले शोधण्यासाठी आम्हाला पुन्हा घरोघर फिरावे लागले.

आता तुमच्या घराबद्दल. आईचे आणि भावाचे उपचार नियमित सुरू असतील आणि औषधांना दाद देणारा टीबी असेल, तर त्यांच्यापासून इतरांना होणारा संसर्ग साधारण पहिल्या काही आठवड्यांतच खूप कमी होतो; त्यांची भांडी वेगळी करू नका, त्यांना कोपऱ्यात बसवू नका. घरातल्या प्रत्येकाची तपासणी करून घ्या आणि टीबी नाही असे ठरल्यावर प्रतिबंधक औषधांबद्दल टीबी केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. ही औषधे आता सर्व वयोगटांतील घरच्यांसाठी उपलब्ध आहेत. टीबी रुग्णांना पोषणासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीची, म्हणजे निक्षय पोषण योजनेची, रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये झाली आहे. ती खात्यात जमा होते का ते बघा आणि ती डाळ, अंडी, शेंगदाणे यांवरच खर्च करा. झोपण्याची जागा खिडकीकडे घ्या. टेबलफॅन असेल तर त्याचे तोंड खिडकीकडे करा, म्हणजे आतली हवा बाहेर ढकलली जाईल, आणि त्या वेळी दार किंवा मोरीची खिडकी थोडी उघडी ठेवा, म्हणजे नवी हवा आत यायला वाट राहील. छताचा पंखा तीच हवा गरगर फिरवतो. त्याच्यावर विसंबू नका.

केवळ या आजारामुळे घाईने घर सोडू नका. भाड्यापायी जेवणावरचा खर्च कमी झाला तर चांगल्या खिडकीचा फायदा तिथेच संपतो. तरीही दुसरे घर बघायचेच असेल तर समोरच्या इमारतीचे मजले मोजा, त्यांतून तुम्ही बघत असलेल्या मजल्याच्या खालचे मजले वजा करा, आणि उरलेल्या प्रत्येक मजल्यामागे दीड मीटर अंतर मध्ये आहे का ते पावलांनी मोजा. साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचे हे घरगुती रूप आहे. घर दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान आणि दिवे बंद करून बघा. हवा आरपार जावी अशी समोरासमोर दोन उघडी तोंडे घराला आहेत का, पाणी किती वाजता येते, पालिकेचा जवळचा ‘आपला दवाखाना’ किंवा आरोग्य केंद्र किती अंतरावर आहे, आणि तळमजल्यावरच्या लोकांनी खिडक्या उघड्या ठेवल्या आहेत का, हे बघा. यांतला शेवटचा मुद्दा मला सर्वांत जास्त माहिती देतो. दलाल पाण्याबद्दल खोटे बोलू शकतो. तळमजल्याची खिडकी खोटे बोलत नाही.

आणि तिथेच राहणार असाल तर घरगल्लीचे काम सोसायटीत काढा. ती आवाराच्या आत असल्याने साफसफाई बहुधा सोसायटीच्याच अंगावर येते, आणि सभेत हा विषय निघाला की वरचे मजले खालच्यांना आणि खालचे वरच्यांना बोल लावतात. मी ज्या एका इमारतीत हे जमलेले पाहिले तिथे आधी मधल्या मजल्याच्या उंचीवर जाळी ठोकली होती. जाळीवरच कचरा साठू लागला आणि प्रकाश आणखी कमी झाला. मग तिथल्या बायकांच्या बचत गटाने प्रत्येक मजल्याच्या जिन्याजवळ झाकणाचा डबा ठेवला आणि घरटी वर्गणी काढून रोज सकाळी डबे खाली नेणारी एक बाई ठरवली. गल्ली एकदा पूर्ण उपसली, डक्टमधले दोन पाइप बदलले, आणि चार महिने वरून काही पडले नाही तेव्हा तळमजल्यावरच्या लोकांनी खिडक्या उघडायला घेतल्या. त्यांतल्या निम्म्या उघडल्या नाहीत. बिजागऱ्या इतक्या गंजल्या होत्या की त्या कापून नव्या बसवाव्या लागल्या, आणि त्याचा खर्चही वर्गणीतूनच झाला.